झडीच्या बाजूचं दार

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं. आमच्या घरात ते छातीपर्यंत आलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. २४ तारखेला चिखल तुडवत आत गेलो तर आतल्या खोलीचं दार उघडेना. कडी ओढली, कडीच हातात आली. खाली वाकून बघितलं तर दार भिजलेल्या वहीसारखं सुटलं होतं. लॅमिनेट एकीकडे, प्लायचे पापुद्रे दुसरीकडे आणि मधे कसल्यातरी हलक्या लाकडाचे काळे पडलेले तुकडे. दहा वर्षांपूर्वी दुकानदारानं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून गळ्यात मारलेली अशी चार फ्लश दारं होती. चारही चिखलाबरोबर डंपरमध्ये गेली.

पुढचं दार मात्र जागेवर होतं. आजेसासऱ्यांनी करवून घेतलेलं, सागवानी, दोन झडपांचं, उंचीला जेमतेम सहा फूट. २६ जुलै २००५ चा पूरही त्यानं अंगावर काढला होता. दिरांनी पाइप मारून ते धुतलं, दोन्ही झडपा उतरवून आठ-दहा दिवस सावलीत उभ्या ठेवल्या, बिजागऱ्या बदलल्या आणि पुन्हा लावल्या. उंबऱ्यापाशी जरा घासायचं, बाकी काही नाही.

त्या दिवशी मी ठरवून टाकलं की नवं घर बांधलं तर सगळीच्या सगळी दारं सागवानाची. घराच्या बाबतीत असले निश्चय सोमवारपासून व्यायाम करण्याच्या निश्चयाइतकेच टिकतात, पण तेव्हा अंगावर चिखल होता.

नवं घर २०२४ साली उभं राहिलं. त्याच जागेवर, पण खाली नुसते खांब आणि गाड्या, घर वर. (चिपळूणकर हल्ली जागा बघताना पाणी, रस्ता विचारायच्या आधी नकाशावरची पुराची निळी रेषा आणि लाल रेषा विचारतात.) आर्किटेक्ट पुण्याचा, तरुण, कामाचा आणि मनानंही चांगला. त्यानं कॉम्प्युटरवर दाखवलेलं घर पाहून आम्ही सगळे हरखलो होतो. पांढरा चौकोनी ठोकळा, मधोमध आठ फूट उंच आणि चार फूट रुंद एकच झडप, त्यावर उभ्या खाचा, चार फुटांचं स्टीलचं हँडल. वर छज्जा नाही, पुढे पडवी नाही. चित्रात आकाश निळंशार होतं.

अशा दाराच्या शोधात आधी आम्ही ठाण्याच्या बाजूला एका शोरूममध्ये गेलो. एसी, मंद दिवे, रांगेत उभी केलेली दारं. प्रत्येक दार ढकलून बघायचं, बोट लावायचं, पुढे जायचं. आम्हांला आवडलेल्या दाराचा भाव एक लाख चाळीस हजार, वाहतूक आणि बसवणं वेगळं. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सॉलिड वूड आहे मॅडम." सागवान का, विचारलं तर म्हणाला, "टीक फिनिश." आता या दोन उत्तरांमध्ये जी फट आहे त्यात एक लाख रुपये सहज जातात. आमच्या शेजारच्या काकांनी निघताना एक युक्ती सांगितली होती, ती वापरली. दाराची वरची कड बघायची. ती डोळ्यांच्या वर असते, त्यामुळे तिला कोणी सजवत नाही. मोबाइल हात उंच करून धरला आणि फोटो काढला. फोटोत रबरवूडसारख्या फिकट लाकडाचे वीतभर लांबीचे, बोटात बोटं अडकवावीत तसे जोडलेले तुकडे आणि दोन्ही अंगांना सागाचा पातळ थर. चार मिलिमीटर असेल.

यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. असं जोडलेलं लाकूड एकसंध फळीपेक्षा कमी वाकतं, आतल्या खोल्यांना ते उत्तमच. पोकळ नाही या अर्थानं ते सॉलिडही आहे. पण आमच्या डोळ्यांसमोर चार मिलिमीटरचा तो थर आणि त्याखालचा डिंक आला, आणि वर कुठलाही आडोसा नसलेलं आमचं चित्रातलं दार आलं. आम्ही कॅटलॉग घेऊन परत आलो.

मग मिस्त्री. खेर्डीच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. साठीचे असतील. जुन्या दाराची डागडुजी त्यांच्या वडिलांनी केलेली, त्यामुळे सासूबाईंना ते ‘काकी’ म्हणतात आणि मला ‘वहिनी’. ते घर बघायला आले तेव्हा मी कॅटलॉग उघडून ठेवला. त्यांनी तो बघितला, चांगला निरखून बघितला, आणि मिटून बाजूला ठेवला. मग पश्चिमेकडे पुढच्या दारासाठी सोडलेल्या मोकळ्या भोकात जाऊन उभे राहिले.

"काकी, झड कुठनं लागते?"

सासूबाईंनी खुर्चीवरूनच हात केला. समोरून आणि थोडी डावीकडून. मग त्यांना आठवत गेलं, की मृगाच्या आधी सासरे या बाजूला नारळाची झापं बांधायचे, ती दसऱ्याला सोडायची, आणि इतकं करूनही पडवीतला बाक ओला व्हायचा. पडवी आठ फूट खोल होती. म्हणजे आठ फूट पडवी, पुढे झापं आणि त्याच्या आत दार. शिवाय दर मे महिन्यात त्या दाराला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलं जायचं, त्यानंच ते काळंभोर झालं होतं. दोन पूर पचवणाऱ्या दाराचं कौतुक मी तीन वर्षं करत होते, पण ते उरलेला सगळा जन्म कोरडं होतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुराचं पाणी दीड दिवस राहिलं. झड चार महिने लागते.

मिस्त्रींनी सांगितलं, आठ बाय चारची एक झडप सागाची केली तर तिचं वजन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाईल. बिजागऱ्या ते पेलतील, पण एवढी रुंद झडप एकीकडून भिजणार आणि आतून पंख्याखाली कोरडी राहणार. पहिल्या पावसात तिला पीळ येईल. "मग वरचा कोपरा लागला की खालचा सुटला, खालचा लागला की वरचा सुटला. तुम्ही मला फोन करणार, मी उचलणार नाही."

त्यांचं म्हणणं होतं दोन झडपा करा, उंची साडेसात फूट ठेवा आणि वर निदान चार फुटांचा छज्जा काढा. छज्ज्यावरून आर्किटेक्टशी पंधरा दिवस ताणाताणी झाली. त्याचं म्हणणंही चूक नव्हतं, ठोकळ्याला छज्जा चिकटवला की ठोकळा बिघडतो. शेवटी त्यानंच मार्ग काढला. दाराची भिंत अडीच फूट आत घेतली आणि वरून स्टीलच्या आधारावर दोन फूट पत्रा पुढे काढला. पुढून बघताना दार एका कोनाड्यात बसल्यासारखं दिसतं. मूळ चित्रापेक्षा मला हेच जास्त आवडतं, पण त्याला मी ते अजून सांगितलेलं नाही.

लाकडाच्या बाबतीत घरात तीन पक्ष होते. सासूबाईंच्या माहेरी बांधावर सागाची झाडं आहेत, पंचवीस वर्षांची. घरचं लाकूड असताना विकत कशाला, हा पहिला पक्ष. चौकशी केल्यावर कळलं की खाजगी जमिनीतला साग तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. सातबारा, वनखात्याचा पंचनामा, लाकडावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतुकीचा परवाना. ते सगळं केलंही असतं, पण मिस्त्री एकदा तिथे जाऊन झाडं बघून आले आणि म्हणाले की या घेराच्या झाडात बाहेरचं पांढरं लाकूडच जास्त निघेल, पक्का गाभा मनगटापेक्षा थोडा मोठा. पांढऱ्या लाकडाला किडा लागतो आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. झाडं उभी आहेत.

दुसरा पक्ष नवऱ्याचा: फणस. कोकणात फणसाच्या चौकटी आणि दारं काही नवी नाहीत. ताजं कापलेलं पिवळंधमक दिसतं, हळूहळू तांबूस होत जातं. पण साडेसात फुटांच्या सरळ, बिनगाठीच्या फळ्या पुरेशा मिळेनात. देवघराच्या दाराला मात्र फणसच वापरला.

तिसरा पक्ष म्हणजे वखार. लाकडाच्या वखारीत मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. भुश्याचा वास, करवतीचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्या आवाजावर ओरडून सांगितले जाणारे भाव. मालकानं तीन ढीग दाखवले. एक ‘बर्मा’. बर्मा म्हटलं की आपल्याकडे माणसाचा चेहरा बदलतो. तिकडच्या सरकारनं ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केलेली आहे, त्यानंतर येतो तो कापीव माल. त्या ढिगाची किंमत ऐकून आम्ही पुढे सरकलो. दुसरा ढीग आफ्रिकेकडचा, लागवडीचा साग. रंग फिकट, रेषा रुंद, भाव निम्मा. तिसरा बल्लारशाचा, म्हणजे बल्लारपूरचा.

"अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं ना, तेच हे लाकूड," मालक म्हणाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येला गेला, हे खरंच आहे. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बहुतेक वखारींत बहुधा तोच साग असावा. मिस्त्रींनी रामाला हात जोडले आणि फळी उलटी केली.

पुढचा तासभर त्यांनी काय केलं ते सांगते, कारण शोरूममध्ये यातलं काहीच करता येत नाही. प्रत्येक फळी एका टोकाला डोळा लावून बंदुकीसारखी धरून बघितली, वाक आहे का. मग टोकाकडची कापलेली बाजू बघितली, तिथे झाडाची वलयं दिसतात. वलयांच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या असतील ती फळी कमी हलते, आडव्या पसरलेल्या असतील ती साधारण दुप्पट फुगते आणि आकसते. उभ्या रेषांच्या फळ्या त्यांनी दाराच्या चौकोनासाठी वेगळ्या काढल्या. गाठ दिसली की नखानं टोकरून बघायची. गाठ घट्ट असेल तर चालते, भोवती काळी कड असेल तर ती पुढेमागे निखळून पडणार. पांढरी पट्टी असलेल्या फळ्या सरळ बाजूला. ऐंशी फळ्यांतून आमच्या वाट्याला एकोणीस आल्या. मालकांचा चेहरा एव्हाना अयोध्येहून परतला होता.

मी ऑनलाइन दीड हजाराचं ओलावा मोजायचं यंत्र मागवलं होतं, दोन टोचण्या असलेलं. ते फळीत खुपसलं तर आकडा एकोणीस-वीस टक्के. मालक म्हणाले, "सुकलेलाच माल आहे, यंत्र स्वस्तातलं असेल." मिस्त्री म्हणाले, "यंत्र बरोबर आहे."

बिल करताना खटका उडाला. लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे ०.५८ घनफूट. मी शिक्षिका आहे, गणिताचीच. मोबाइलवर एकेक फळी मांडत गेले आणि माझी बेरीज वखारीच्या बेरजेपेक्षा पाऊण घनफुटानं कमी आली. त्यांनी सव्वासात फुटांची फळी साडेसात धरली होती, पावणेसहा इंचांची सहा. "असंच असतं ताई." मी वही पुढे केली. पंधरा मिनिटांनी बिल आठ घनफुटांवर आलं, ४,२०० नं ३३,६०० रुपये. तो आमचा विजय असं मी घरी सांगत होते तर मिस्त्रींनी माझी हवा काढली. हे रफ माप. तीन इंचांची चौकट रंधा मारल्यावर पावणेतीनचीच राहणार. हा तोटा सगळ्यांनाच असतो, त्यावर भांडायचं नाही. काम देतानाच दार तयार झाल्यावर किती जाड हवं ते सांगायचं. आमचं दार तयार झाल्यावर दीड इंच हवं होतं, म्हणून फळ्या पावणेदोनच्या घेतल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माल घराखालच्या खांबांत येऊन पडला. मला वाटलं आता दार होणार. मिस्त्रींनी फळ्यांची थप्पी रचली, दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, पट्ट्या सगळ्या एकाखाली एक. फळ्यांच्या टोकांना ऑइलपेंट फासला, कारण टोकातून पाणी भराभर जातं आणि तिथूनच चिरा पडतात. वर पत्रा, पत्र्यावर दगड. आणि निघाले.

"कधी येताय?"

"शिमग्याच्या आसपास."

चार महिने! आर्किटेक्ट म्हणाला, भट्टीत सुकवलेलं लाकूड आठवड्यात मिळालं असतं. मिळालं असतंच, आणि तसं मिळत असेल तर जरूर घ्यावं. आमच्या आवाक्यात आणि जवळपास ते नव्हतं. मी दर रविवारी यंत्र टोचायची. एकोणीस, अठरा, अठरा, सोळा. जानेवारीच्या थंडीत पंधरा. फेब्रुवारीअखेर तेरावर येऊन थांबलं. यंत्राच्या टोचण्यांनी एक फळी चाळणीसारखी झाली होती, ती मिस्त्रींनी मुद्दाम माळ्याच्या झाकणाला वापरली.

दरम्यान चौकटीचा प्रश्न होता. आमच्याकडे चौकट आधी उभी करून तिच्याभोवती भिंत बांधायची पद्धत. मग महिनाभर भिंतीवर पाणी मारलं जातं आणि ते चौकट पिते. मिस्त्रींनी प्लास्टर सुकेपर्यंत चौकट येऊच दिली नाही. आली तेव्हा भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना डांबर लावून आली. उंबऱ्यावरून मात्र आर्किटेक्टला हरावं लागलं. त्याला घरभर सपाट फरशी हवी होती. सासूबाई म्हणाल्या, उंबरा नाही तर हळदीकुंकू कशाला वाहू, फरशीला? उंबरा झाला, एक इंचाचा, बाहेरच्या अंगाला उतार दिलेला. चौकट बसली त्या दिवशी आंब्याचा टाळा, नारळ, सुपारी, मिस्त्रींना टॉवेल-टोपी आणि पाकीट. टोपी त्यांनी दिवसभर काढली नाही.

दार कसं जोडतात ते मी खुर्ची टाकून बघितलं. दोन उभ्या पट्ट्या, चार आडव्या आणि त्यांच्यामध्ये तीन पॅनेल, अशी एक झडप. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे कापून काढलेली जीभ, उभ्या पट्टीला आरपार भोक. कुसू ठोकून घालायचं आणि बाहेरून सागाचीच पाचर मारायची. खिळा एकही नाही. पॅनेलची गोष्ट न्यारी. चौकोनाच्या आतल्या कडेला खाच असते आणि पॅनेल त्या खाचेत नुसतं सरकवतात. त्याला डिंक लावत नाहीत. मी विचारलं, मग खडखडणार नाही का? मिस्त्रींनी खाचेत बोट फिरवलं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढतच नाही, रुंदीत वाढतं. चौदा इंचांचं पॅनेल पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर फुगतं. त्याला खाचेत तेवढी जागा ठेवली की ते आतल्या आत हलतं आणि बाहेरचा चौकोन जागचा हलत नाही. चिकटवून टाकलं तर एक तर पॅनेल चिरतं नाही तर सांधा उघडतो. आजेसासऱ्यांच्या दाराला हात लावून बघितला तर तिथलंही पॅनेल खाचेत बारीकसं हलत होतं. त्या दाराचा एक भाग सैल झालाय, असं मी लग्न होऊन आल्यापासून समजत होते.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक काम केलं. पॅनेल खाचेत घालायच्या आधी त्याच्या चारही कडांना पॉलिशचा हात मारला. जोडल्यावर पॉलिश केलं असतं तर पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आकसून खाचेतली कोरी, पांढरट पट्टी बाहेर डोकावली असती. बऱ्याच घरांत ती दिसते. मला त्यानंतर सगळीकडे तेवढंच दिसायला लागलंय, पाहुण्यांकडे गेले तरी.

कुलपावरूनही नकाशा बदलला. मॉर्टाइज लॉक दाराच्या जाडीत खोल खड्डा खणून बसवतात. नेहमीच्या उंचीवर मधली आडवी पट्टी येत होती, म्हणजे खड्डा नेमका सांध्यावर पडून कुसूच कापलं जाणार. म्हणून ती पट्टी पाच इंच खाली घेतली. खालचं पॅनेल बुटकं झालं. कोणाच्या लक्षात येत नाही. कुलूप आधी घ्या आणि मग सुताराला दार सांगा, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

सगळी दारं सागवानाची करायचा माझा निश्चय याच सुमारास ढासळला. पुढच्या दाराचा एकूण हिशेब असा: लाकूड ३३,६००, मजुरी ३०,०००, बिजागऱ्या-कुलूप-कड्या १२,५००, पॉलिश ९,०००. म्हणजे ८५,१००. आत अजून सहा दारं होती. सासूबाईंच्या खोलीला सागाचं पॅनेलचं दार केलं. मुलांच्या आणि आमच्या खोल्यांना फ्लशच घेतली, पण या वेळी आयएस २२०२ चा (फ्लश दारांच्या भारतीय मानकाचा) शिक्का आणि पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाचा दर्जा बघून, आणि चारही कडांना सागाची पट्टी मारून. घर आता वर आहे, तिथपर्यंत पाणी आलं तर दारांपेक्षा मोठे प्रश्न असतील. बाथरूमला डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं दार. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते पाण्यात राहतं आणि दिसायला जसं दिसतं तसं दिसतं.

जुनं दार स्वयंपाकघरामागे लागलं. सहा फुटांचं ते, नव्या चौकटीत वर दीड फुटाचा जाळीचा झरोका करून बसवलं. माझ्या मुलाची उंची पाच फूट अकरा इंच आहे. त्याला दिवसातून चार वेळा वाटतं की डोकं आपटणार.

पॉलिशवाला वेगळा माणूस. तो मेलामाइन मारायला निघाला होता. आतल्या फर्निचरला ते छान, बाहेर उन्हात तडकतं. बाहेर चालणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मागवलं. बेलतेलाचाही, म्हणजे जवसाच्या तेलाचाही, विचार केला होता, पण आमच्या हवेत त्यावर बुरशी धरते म्हणून सोडला. पॉलिश झालं, दार आरशासारखं झालं, पैसे द्यायची वेळ आली. मी सवयीनं मोबाइल वर धरून वरच्या कडेचा फोटो काढला. कोरी. खाली लहान आरसा सरकवला. खालची कडही कोरी. दार चौकटीला लावून मग पॉलिश केलेलं, तिथे हात जातोच कुठे? पॉलिशवाला म्हणाला, तिथं कोण बघतंय. फळ्यांच्या टोकांना रंग का फासला होता ते मला चांगलं आठवत होतं, उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी तिथेच उघडी पडतात. दोन्ही झडपा उतरवून घेतल्या. तो दिवस आमच्याकडे कोणी कोणाशी बोललं नाही, पण सहाही बाजूंना तीन-तीन हात बसले.

दार लावताना मिस्त्रींनी दोन झडपांच्या मधल्या फटीत आणि वरच्या फटीत पाच रुपयांचं नाणं फिरवून बघितलं. कुठे अडलं की काढून रंधा. शेवटी ते नाणं वरपासून खालपर्यंत न अडता फिरलं आणि खिशात गेलं. मला ती फट जरा जास्तच वाटली होती. मी तसं म्हटलंही.

"वहिनी, जुलैत येऊन बघू."

पाऊस २०२५ साली मे महिन्यातच आला. पुढच्या दाराला झड लागली ती अंदाज केल्याप्रमाणे समोरून आणि डावीकडून. जूनच्या एका रात्री दोन झडपांच्या सांध्यातून उंबऱ्याच्या आत वाटीभर पाणी आलं, म्हणून खालच्या अंगाला पाणी बाहेर टाकणारी तिरकी पट्टी मारून घेतली. त्यानंतर आलं नाही. जुलैत मी नाणं घेऊन गेले. मधल्या फटीत ते शिरलंसुद्धा नाही. दार मात्र उघडत-मिटत होतं.

सासूबाईंच्या खोलीचं दार घासायला लागलं. वरच्या कोपऱ्यात, कडीच्या बाजूला. रोज सकाळी ‘चर्र’ असा आवाज आणि पाठोपाठ त्यांचं "एवढे पैसे घालून!" मी मिस्त्रींना फोन केला. फोन उचलला. दुसऱ्या दिवशी आले, रंधा पिशवीत होता, पण पिशवीतून काढला नाही. कानामागची पेन्सिल काढली, घासत होतं तिथे एक रेघ मारली आणि रेघेशेजारी तारीख लिहिली.

"आत्ता रंधा मारला तर मार्चमध्ये बोट जाईल एवढी फट पडेल. दिवाळीनंतर बघू."

सासूबाई दिवाळीपर्यंत रोज कुरकुरल्या, दाराबरोबर. नवरात्र संपलं, ऑक्टोबरचं ऊन पडलं, आणि एका सकाळी त्या चहा घेताना म्हणाल्या, "आज दार बोललं नाही." मिस्त्री पाडव्याला फराळाला आले तेव्हा त्यांनी ते दोनदा उघडून मिटलं आणि चकली घेतली. पेन्सिलची रेघ आणि तारीख अजून तिथेच आहे, मी पुसलेली नाही.